विहीर आवडणाऱ्याला पठार दिलं तर

पत्र थोडक्यात: साताऱ्याचे एक वाचक लिहितात (नाव, पेठ, कंपनी सगळं काढून टाकलं आहे). वय ३७, एमआयडीसीत नोकरी, घरी बायको आणि पाचवीतली मुलगी. नववीत असताना पोवई नाक्याजवळच्या एका सायबर कॅफेत मामेभावाबरोबर ते 'झेल्डा' या व्हिडिओ गेमच्या मालिकेतला 'ओकारिना ऑफ टाइम' खेळले. कॉम्प्युटरवर एम्युलेटर (दुसऱ्या यंत्राचे खेळ चालवणारा प्रोग्रॅम), तासाला वीस रुपये, सेव्ह फाइल फ्लॉपीत. तेव्हापासून या मालिकेचे ते भक्त. पुढे मेहुण्याने दुबईहून निन्टेन्डो कंपनीचा 'स्विच' हा कन्सोल आणून दिला. त्यावर याच मालिकेतला 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' खेळले, आवडला, पण मनात काहीतरी खुपत राहिलं. मग त्याच्या पुढच्या भागाची, 'टिअर्स ऑफ द किंगडम'ची, सहा वर्षं वाट पाहिली. तो ९० तास खेळले आणि आता चार महिने कन्सोलवर धूळ आहे. मामेभाऊ पुण्यात असतो, त्याने दोनशे तास खेळून गेम संपवला. गणपतीत विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "तुला खेळायला जमत नाही म्हणून नावं ठेवतोस." तेव्हापासून दोघांत फक्त फॉरवर्ड केलेले मेसेज. बायको विचारते, एवढे पैसे घातले, मग खेळत का नाही? तक्रार अशी की हा 'खरा झेल्डा' राहिला नाही, यात तलवारीसुद्धा वापरून वापरून मोडतात. वाचकांचे प्रश्न असे: माझं वय झालं का? जगाने डोक्यावर घेतलेली गोष्ट मलाच का आवडत नाही? कसाबसा संपवू, की विकून टाकू?

दादा,

तुमचं पत्र साडेचार पानांचं आहे आणि त्यातली तीन पानं त्या खेळात काय काय बिघडलं याची आहेत. वय झालेला, कंटाळलेला माणूस तीन पानं लिहीत नाही हो. तो रिमोट घेतो आणि बातम्या लावतो. तेव्हा पहिल्या प्रश्नाचा निकाल इथेच लागला.

आता माझी कबुली. हा खेळ माझ्याही घरात आहे. आणला मुलासाठी, पण तो झोपल्यावर मी खेळते, किंवा खेळत होते. मीही तो अर्ध्यावर सोडला. सांगलीत पन्नाशीला टेकलेली बाई रात्री साडेअकराला टीव्हीवर तलवार फिरवते हे शेजारी कळलं, तेव्हा काकूंनी "बरं वाटत नाही का तुला?" असं विचारलं होतं. म्हणून तुमच्या पत्राला उत्तर देण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असं मी धरून चालते.

तुमच्या तक्रारीवर लोक काय म्हणणार हे मला माहीत आहे. तुम्हालाही ते बऱ्याचदा ऐकवलं गेलं असणार: "खेळ नाही रे, तुला ते दिवस आठवतात. सायबर कॅफे, फ्लॉपी, मामेभाऊ." मीही हेच लिहून मोकळी होऊ शकले असते. जुन्या खेळाबद्दल तुम्ही सगळीकडे 'आम्ही' लिहिलंय आणि नव्याबद्दल 'मी', हे माझ्याही नजरेतून सुटलं नाही. पण हे उत्तर अर्धंच खरं आहे आणि त्यात तुमचा थोडा अपमानही आहे. कारण तुम्ही नेमकं काय बदललं ते सांगताय, आणि ऐकणारा तुमचं वय मोजतोय.

नेमकं काय बदललं ते सांगायला मी तुमच्याच गावाजवळचं उदाहरण घेते.

लिंबची बारा मोटांची विहीर तुम्ही पाहिली असेलच. सातारकर असून पाहिली नसेल तर आधी ती पाहा, मग पुढचं वाचा. तीनशे वर्षांपूर्वीचं बांधकाम. वरून शिवपिंडीचा आकार, आणि थोडं चावटपणे पाहिलं तर कुलपाच्या भोकाचाही. तिथे तुम्ही कुठूनही कुठेही जाऊ शकत नाही. पायऱ्या उतरायच्या, दारातून आत जायचं, मग भिंतीतल्या अरुंद जिन्याने वरच्या छोट्या महालात. मघाशी पायऱ्यांवरून जो सज्जा दिसला होता पण तिथे पोचायचं कसं ते कळलं नव्हतं, त्याच सज्ज्यात अचानक आपण उभे असतो आणि खाली पाणी दिसतं. बांधणाऱ्याने तुमचं प्रत्येक पाऊल आधी मनात चालून पाहिलेलं असतं.

जुने झेल्डा अशी विहीर बांधायचे. एक बंद देऊळ. त्यात कुलूपबंद दारं, छोट्या किल्ल्या, मधोमध एका पेटीत एक नवं हत्यार, समजा हुकशॉट, म्हणजे दूर फेकला की आपल्याला तिकडे ओढून नेणारा साखळीचा आकडा. त्याच हत्याराने आतलं कोडं सुटतं, त्यानेच शेवटचा राक्षस मरतो. आणि खरी गंमत बाहेर आल्यावर. दहा तासांपूर्वी एका कड्यावर काहीतरी दिसलेलं असतं, तेव्हा हात पोचत नव्हता. आता पोचतो. 'अरे, म्हणजे ते त्यासाठी होतं!' हा जो क्षण आहे, त्यासाठी तुम्ही वीस वर्षं या मालिकेमागे फिरलात. 'ओकारिना'त तर सगळी कथाच या क्षणावर उभी आहे. पोरगा तलवार उपसतो, सात वर्षं निघून जातात, आणि त्याच बाजारपेठेत परत येतो तेव्हा माणसं नसतात, भुतं असतात.

'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' आणि 'टिअर्स' यांनी विहीर बुजवली नाही, पण तुम्हाला कासच्या पठारावर नेऊन सोडलं. हवं तिकडे जा. 'टिअर्स'मध्ये वस्तू चिकटवणं, हत्याराला काहीबाही जोडणं, छतातून आरपार वर जाणं, वस्तूचा काळ उलटा फिरवणं या चारही विद्या पहिल्याच आकाशबेटावर, पहिल्या काही तासांत हातात येतात. त्यानंतर या जगात खऱ्या अर्थाने कुलूपबंद असं फारसं काही उरत नाही. १५२ देवळं आहेत, पण ती दहा-पंधरा मिनिटांच्या खोल्या आहेत. एकीत शिकलेलं दुसरीचं दार उघडत नाही. म्हणजे तुमचा तो 'म्हणजे ते त्यासाठी होतं' या खेळात फार कमी वेळा येतो. त्याच्या जागी दुसरा क्षण येतो: 'बघू, हे चालतंय का!' तोही सुंदर आहे. तुमच्या मुलीला तो आवडतो. तिने चार चाकं आणि एक पंखा लावून गाडी केली आणि ती सरळ नदीत गेली, तेव्हा ती किती हसली हे तुम्हीच लिहिलंय. पण तो क्षण तुमचा नाही. वांग्याचं भरीत आवडणाऱ्याला वांग्याची भजी दिली तर वांगं वाईट ठरत नाही, आणि माणूसही आंबट तोंडाचा ठरत नाही.

इथवर मी तुमच्या बाजूने. आता थोडं तुमच्या विरुद्ध.

पत्रात तुम्ही 'खरा झेल्डा' हा शब्द चार वेळा वापरलाय. खरा म्हणजे कुठला? मालिकेचा पहिला खेळ १९८६ सालचा. त्यात नायकाला मैदानात उभं करायचे आणि पुढे काय करायचं ते जवळजवळ सांगायचेच नाहीत. तळघरंही बरीचशी हव्या त्या क्रमाने करता यायची. मालिकेचे जनक शिगेरू मियामोतो यांनी या खेळाचं मूळ अनेकदा सांगितलंय. जपानमधल्या क्योतोजवळच्या सोनोबे भागात लहानपणी डोंगरात एकट्याने भटकणं आणि भटकताना सापडलेली एक गुहा. म्हणजे सुरुवात पठाराचीच होती. विहिरीची घडण नंतर पक्की होत गेली, १९९१ पासून पुढे, आणि १९९८ च्या 'ओकारिना'त ती कळसाला पोचली. तुम्ही २००३ मध्ये आत आलात, तेव्हा घरात बसवलेलं सामान तुम्हाला घराचा पाया वाटलं. यात तुमची चूक नाही. आपण सगळेच मालिकेत, नाटकात, घराण्यात जिथून शिरतो त्यालाच मूळ समजतो. पण कंपनीने आपल्याशी दगाफटका केला, असं जे तुमच्या मनात बसलंय, ते यामुळे थोडं सैल व्हायला हरकत नाही. निर्माते एइजी आओनुमा यांनी २०१३ मध्येच सांगून ठेवलं होतं की मालिकेचे ठरलेले संकेत आता तपासून पाहायचे आहेत. लपवाछपवी काही झाली नाही. तुम्ही आणि मी ते ऐकलं, 'हो हो' म्हटलं आणि मनात मात्र नव्या रंगाची विहीरच धरून बसलो.

आणि जुन्यालाही इतकं सोवळं नेसवू नका. 'ओकारिना'तलं पाण्याचं देऊळ आठवतंय? लोखंडी बूट घालायचे, बुडायचं, खेळ थांबवून यादी उघडायची, बूट काढायचे, वर यायचं, परत यादी. तो त्रास इतका बदनाम झाला की २०११ च्या नव्या आवृत्तीत त्यांनी बूट घालणं-काढणं सोपं करून टाकलं. तुम्ही वीस रुपये तासाने ते बूट घालत-काढत बसला होतात. तेव्हा ते चाललं, कारण दुसरा काही पर्याय नव्हता. आणि शेजारी बसून "आता काढ, आता घाल" म्हणणारा एक जण होता, हेही खरं.

तुमच्या तीन पानांतल्या बाकी तक्रारींपैकी दोन मला शंभर टक्के पटतात.

पहिली, गोष्ट सांगण्याची. त्या १५२ छोट्या देवळांखेरीज 'टिअर्स'मध्ये चार मोठी देवळं आहेत, त्यांतल्या प्रत्येकाच्या शेवटी एक पुरातन ऋषी येतो आणि जवळजवळ तीच कथा, त्याच युद्धाची, त्याच दगडाची, परत सांगतो. चार वेळा! सत्यनारायणाचे अध्याय तरी वेगवेगळे असतात. त्यात भर म्हणजे अश्रूंतून उलगडणाऱ्या जुन्या आठवणी कुठल्याही क्रमाने सापडतात, त्यामुळे राजकन्या झेल्डाचं काय झालं ते तुम्हाला कधीच कळून चुकतं आणि नायकाचे सोबती मात्र तिला गावोगाव शोधत राहतात. रात्रभर रामायण ऐकलं, सकाळी विचारतो रामाची सीता कोण. पठारावर गोष्ट सांगायची तर अशी अडचण येतेच. ऐकणारा कुठून येईल हे सांगणाऱ्याला माहीत नसतं, म्हणून तो प्रत्येक वाटेवर उभा राहून तेच सांगतो. कारण समजतं, तरी कंटाळा जात नाही.

दुसरी, जमिनीची. 'टिअर्स'ने आकाशात बेटं दिली आणि खाली अख्खा अंधारा पाताळ दिला, पण मधली जमीन बरीचशी 'ब्रेथ'चीच. त्या पहिल्या खेळाचं सगळं सुख 'त्या टेकडीपलीकडे काय असेल' या प्रश्नात होतं. त्याचे दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांनी जगाचा आवाका ठरवताना क्योतोचा नकाशा वापरला होता. ज्या गावात वाढलो त्या गावाची अंतरं. पण टेकडीपलीकडे काय आहे हे एकदा कळल्यावर ते न कळल्यासारखं करता येत नाही. कासला दुसऱ्या आठवड्यात गेलं तर फुलं बदललेली असतात, हे खरं. तरी पहिल्यांदा घाट चढून वर आल्यावर जे झालं ते परत होत नाही, हेही खरं. मामेभावाने मधली सहा वर्षं 'ब्रेथ' परत उघडला नव्हता, तुम्ही तो तीनदा खेळलात. तुम्हा दोघांच्या मतातला निम्मा फरक मला इथेच दिसतो.

तलवारी मोडतात या तक्रारीवर मात्र मी तुमच्या बाजूने उभी राहणार नाही. शेवटी त्यावर बोलते.

आता ९० तास. 'माझे ९० तास फुकट गेले,' असं तुम्ही लिहिलंय. आणि दुसऱ्याच पानावर लिहिलंय की बेटावरून पहिली उडी मारली तेव्हा अंगावर काटा आला आणि बायकोला हाक मारून दाखवलं. मग फुकट कसे? माझा अंदाज, पहिले तीस-पस्तीस तास तुम्ही खेळलात आणि उरलेले हजेरी लावलीत. वाट सहा वर्षं पाहिली, मेहुण्याचा उपकार घेतला, पैसे घातले, म्हणून आवडलंच पाहिजे. हे म्हणजे लग्नाच्या पंगतीत आग्रहाचा सातवा लाडू. लाडवाला नावं ठेवण्यात अर्थ नाही, तुम्ही तिसऱ्यानंतर उठायला हवं होतं. या सदरात कादंबरीबद्दल, वेब सीरिजबद्दल, अगदी ट्रेकिंगच्या ग्रुपबद्दलही अशी पत्रं येतात. सगळ्यांना मी हेच विचारते: मजा नेमकी कुठल्या दिवशी संपली? तो दिवस आठवला की त्यानंतरचे सगळे दिवस कर्तव्याचे होते हे कळतं, आणि राग खेळावरून थोडा हटतो.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: संपवू नका. ज्यांनी बनवलाय त्यांचीही ती अपेक्षा दिसत नाही. 'ब्रेथ'मध्ये ९०० बिया लपवल्या होत्या आणि सगळ्या गोळा करणाऱ्याला बक्षीस काय, तर सोन्याची लेंडी! यापेक्षा स्पष्ट भाषेत 'बाबा, घरी जा' कोण सांगणार? शेवटच्या लढाईची वाट तुम्हाला माहीत आहे. एखाद्या रविवारी वाटलं तर थेट तिकडे जा, जिंका किंवा मरा, आणि कार्ट्रिज डबीत ठेवा. नाही वाटलं तर तेही नको.

विकायचं म्हणाल तर रागात विकू नका. मुलीला खेळायला आवडतं, कन्सोल राहू दे. आणि विहीर हवी असेल तर ती याच कन्सोलवर आहे. 'लिंक्स अवेकनिंग'ची २०१९ ची नवी आवृत्ती घ्या. मूळ खेळ १९९३ चा, लहान, एका बेटापुरता, आणि दर तळघरात नवं हत्यार. 'स्कायवर्ड स्वॉर्ड'ची २०२१ ची आवृत्ती मोठी आहे, सुरुवातीला बोलघेवडी आहे, पण तिची देवळं अस्सल विहिरी आहेत. २०२४ च्या 'एकोज ऑफ विज्डम'मध्ये, मुख्य मालिकेत पहिल्यांदा, खुद्द राजकन्या झेल्डा नायिका आहे. तळघरं परत आलीत, पण कोडं कसंही सोडवायची मोकळीकही आहे, म्हणजे तुम्ही आणि मुलगी दोघं भांडू शकाल असा मधला मार्ग. आणि मालिकेबाहेरचा 'ट्युनिक'. त्यात कोल्ह्याचं एक पिल्लू आहे आणि खेळाची माहितीपुस्तिका पानापानाने सापडत जाते, तीही न वाचता येणाऱ्या लिपीत. तुमचा तो 'म्हणजे ते त्यासाठी होतं' त्यात ठासून भरलाय. याहून जास्त सांगितलं तर तुमचं नुकसान होईल. यातलं काहीही घेण्याआधी एखाद्या ओळखीच्याकडून आठवडाभर मागून आणा. पुन्हा सहा वर्षं वाट पाहून, उपवास धरून खरेदी करू नका.

मुलीबद्दल एकच. तिच्या शेजारी बसून 'खरा झेल्डा कसा असायचा' हे सांगू नका. ती गाडी नदीत घालतेय तर घालू दे. तिने विचारलं तर सांगा, आणि तेव्हाही बुटांच्या गोष्टीपासून सुरू करा.

राहिला मामेभाऊ. गणपतीतल्या त्या भांडणात तुम्ही काय म्हणालात ते पत्रात एका ओळीत उरकलंय: "मी फक्त बकवास आहे म्हणालो." दादा, 'फक्त' नाही हो ते. त्याने दोनशे तास घालवलेल्या गोष्टीला तुम्ही एका शब्दात कचऱ्यात टाकलंत. मग त्याने तुमच्या हाताला नावं ठेवली. दोघांपैकी एकही जण त्या खेळाबद्दल बोलत नव्हता. त्याला फोन करा, मेसेज नको. आणि बकवास म्हणायच्या ऐवजी मला जी तीन पानं लिहिलीत ती त्याला वाचून दाखवा. ऋषींची चार वेळची कथा त्यालाही खटकली असणारच. मग त्याला विचारा, दोनशे तासांत त्याला सगळ्यात जास्त काय आवडलं, आणि तो सांगत असताना मधे 'पण' म्हणू नका. अवघड आहे, मला माहीत आहे. दिवाळीत तो साताऱ्याला येईलच, तेव्हा त्याला लिंबला घेऊन जा. मी वर जे लिहिलंय ते पायऱ्यांवर उभं राहून त्याला पटवायचा प्रयत्न करा. त्याला पटणार नाही. पुण्याला राहतो ना आता.

आणि त्या तलवारी. चांगल्या पाच तलवारी तुम्ही पहिल्या महिन्यापासून पिशवीत जपून ठेवल्यात, 'पुढे कामाला येतील' म्हणून, आणि बोकोब्लिनांना, म्हणजे खेळातल्या फुटकळ राक्षसांना, काठीने मारत फिरताय. नव्वद तास काठीने! आमच्या आईची एक ठेवणीतली पैठणी होती, ती घडीवरच विरली. तलवारी मोडतात त्या याचसाठी, की माणसाने एकीलाच धरून बसू नये, हाताला येईल ते उचलून लढावं. तुमचा याच्यावर राग आहे, पण तुम्ही हा नियम एकदाही पाळून पाहिलेला नाही. आज रात्री जेवण झालं की कन्सोलवरची धूळ पुसा, मुलीला शेजारी बसवा, आणि त्या पाचही तलवारी एका बसणीत मोडून टाका.